दांडग्या मोटारी : पारख, फेरफार व निगा

मोटारगाडी हा विषय आमच्यासारख्या, सारा जन्म शब्दरूपावली व समासचक्र पढविण्यांत गेलेल्या शाळामास्तरानें हातीं घ्यावा, आणि त्यांतही अमेरिकेंतील त्या दांडग्या, गर्जना करीत धांवणाऱ्या मोटारींचा घ्यावा, हें पाहून आमच्या कित्येक वाचकांस हंसूं येईल. परंतु हा विषय आम्हीं निवडलेला नाहीं. तो पत्रांतून घरीं चालत आला. आमचा चुलत पुतण्या गेलीं बावीस वर्षें अमेरिकेंत मिशिगन संस्थानांत नोकरीस आहे. लवकरच तेथील बिऱ्हाड मोडून रत्नागिरीस कायमचें परत यावयाचें, आणि येतांना १९७० च्या सुमाराची एक जुनी अमेरिकन मोटार बरोबर आणावयाची, असा त्याचा बेत आहे. ‘काका,’ त्यानें लिहिलें होतें, ‘कोणती घ्यावी, तिच्यांत काय बदलावें आणि आपल्या पावसांत ती टिकेल कशी, याचा विचार करून तुम्ही कळवा. तुम्ही नको म्हणालांत तर आणणार नाहीं.’ घरांतील सर्वांनीं पत्र वाचलें आणि सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. पन्नास वर्षांपूर्वीं याच घरांत मोटारीविषयीं आमचा सल्ला घेतला गेला होता, आणि तो या मुलाच्या आजोबांस फार महाग पडला होता. ती हकीकत आधीं सांगितल्यावांचून पुढील विवेचन वाचकांच्या नीट ध्यानांत यावयाचें नाहीं.

अमेरिकन मोटार ही कोंकणास नवलाईची वस्तु नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानांत ज्या मोटारी उतरल्या त्यांत अमेरिकन गाड्यांचा भरणा मोठा होता. किंमत बेताची, चाकें उंच, इंजिन मोठें. खडीच्या रस्त्यास आणि घाटाच्या चढास आणखी काय हवें? जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें १९४७ पासून कुर्ल्यास क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ व डी सोटो या गाड्या जोडण्यास आरंभ केला. १९४८ सालीं एस्. टी. सुरू झाली तेव्हां तिच्या पहिल्या ताफ्यांतही शेव्हरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर हीं अमेरिकन घराणीं होतींच.

आमचे थोरले काका, ज्यांस सारें घर तात्या म्हणे, ते रत्नागिरीच्या कोर्टांत वकिली करीत. १९६६ सालीं त्यांनीं कुर्ल्यास जोडलेली एक डॉज किंग्जवे जुनीच विकत घेतली. सहा सिलिंडरांचें साइड व्हॉल्व्ह इंजिन, बसावयास दिवाणासारख्या दोन बैठका, आणि बॉनेटच्या टोंकावर धातूचा एक मेंढा, शिंगें वळलेला, उडी घेण्याच्या पवित्र्यांत. घरांतील मोठीं पांच आणि मांडीवरचीं चार अशीं नऊ माणसें तींत बसून पावसला किंवा गणपतीपुळ्यास जात, आणि इंजिनाचा आवाज शिवणाच्या यंत्राइतकाच होई. तात्या तिच्यावर लोभ करीत. रविवारीं सकाळीं संध्या आटोपली कीं ते धोतर खोंचून तिला स्वतः पुसावयास घेत. गड्यास हात लावूं देत नसत.

पुढें ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें आणि तीन डॉलरांचें पीप जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरांच्या घरांत गेलें. मोठ्या अमेरिकन मोटारी बाळगणाऱ्यांची त्रेधा उडाली. तेव्हां मुंबईपासून सावंतवाडीपर्यंत एक टूमच निघाली, ती म्हणजे मूळचें पेट्रोल इंजिन काढून त्या जागीं डिझेल इंजिन बसवावयाचें. आमच्या देशांत अमेरिकन मोटारींवर जो सर्वांत मोठा फेरफार झाला तो हा. अमेरिकेंतील तरुण अधिक वेगासाठीं इंजिन बदलीत; आमच्याकडे तें काटकसरीसाठीं बदललें. आमच्या वडिलांनीं तात्यांपुढें हीच सूचना मांडली, आणि ती सिद्ध करण्यासाठीं आम्हांस पुढें बोलाविलें. आम्ही तेव्हां मॅट्रिकच्या आदल्या वर्गांत होतों व गणितांत बरे समजले जात होतों. महिन्याचे मैल, पेट्रोलचा खर्च, डिझेलचा खर्च, नव्या इंजिनाची किंमत. आम्हीं त्रैराशिक मांडून अडीच वर्षांत पैसे फिटतात असें उत्तर काढलें. तात्यांचें मन नव्हतें. पण पुतण्याच्या हुशारीचें कौतुक सारें घर करीत असतां त्यांस नाहीं म्हणवलें नाहीं.

तो हिशेब आजही तपासला तर बरोबर येतो. वजनाचा रकाना मात्र आम्हीं घातला नव्हता. डिझेल इंजिनांत दाब फार मोठा, म्हणून त्याचें ओतीव कामही जड. तें बसल्यावर गाडीचें नाक खालीं गेलें. सहा सिलिंडरांच्या ठिकाणीं चार आले, त्यामुळें हादरे वाढले. दारांच्या बिजागऱ्या खिळखिळ्या झाल्या, कांचा वाजूं लागल्या. डिझेलचे फेरे कमी, आणि मागील दांड्याचें गिअरांचें प्रमाण मात्र जुनेंच राहिलें. म्हणून वेगही मंदावला. शिवाय पेट्रोल इंजिन थ्रॉटल मिटली असतां जी ओढ धरून गाडीस आवरतें, ती डिझेलमध्यें तशी मिळत नाहीं. गांवांतील एका जुन्या फोर्डाची तर याहून मौज झाली. तिचा वायपर इंजिनाच्या त्याच ओढीवर चाले. डिझेल बसतांच ऐन आषाढांत वायपर थांबला, आणि मालक खिडकींतून हात काढून कांच पुशीत कोर्टांत येऊं लागले. हें सारें हंसण्यावारी गेलें असतें. पण ब्रेकांचा विचार कोणींच केला नव्हता. १९७६ च्या श्रावणांत कोल्हापुराहून परत येतांना आंबा घाट उतरत असतां ड्रम तापले, पायाखालचा दट्ट्या तळाला गेला, आणि साखरप्याच्या अलीकडे गाडी कठड्यावर जाऊन थांबली. गाडींत तात्या व वडील दोघेच होते. वडिलांस खरचटलें, तात्यांचा उजवा पाय मांडींत मोडला, तो पुढें कधींच सरळ झाला नाहीं. मूळचें इंजिन परत बसवावें म्हणून चौकशी केली, तर बसविणारानें तें केव्हांच भंगाराच्या भावानें फुंकून टाकलें होतें. वडील व तात्या यांच्यांत त्यानंतर व्यवहारापुरतेंच बोलणें राहिलें. तात्या काठी टेंकीत आणखी एकोणीस वर्षें जगले, आणि तेवढ्या अवधींत त्यांनीं त्या पाटीवरच्या हिशेबाचा एकदांही उच्चार केला नाहीं.

असो. आतां प्रस्तुत विषयाकडे वळूं.

इंग्रजींत ज्यांस ‘मसल कार’ म्हणतात त्यांस आम्ही दांडगी मोटार म्हणतों. मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या साध्या गाडींत मोठ्या गाडीचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसवावयाचें आणि तरुणांच्या खिशास झेपेल अशा किंमतीस ती विकावयाची, ही या गाड्यांची मूळ कल्पना. तिचा जन्म मोठा मजेदार आहे. मध्यम गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन घालूं नये असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच दंडक होता. त्याच कंपनीच्या पाँटिअ‍ॅक शाखेंतील मंडळींनीं १९६४ सालीं टेंपेस्ट नांवाच्या गाडीस ३८९ घन इंचांचें, म्हणजे ६.४ लिटरांचें, इंजिन ‘ग्राहकाच्या इच्छेनुसार जोडावयाची वस्तु’ म्हणून देऊं केलें. दंडक गाडीस लागू होता, जोडवस्तूस नव्हता! या जी. टी. ओ. गाड्या पहिल्या वर्षींच ३२ हजारांहून अधिक खपल्या, आणि मग दंडकाची आठवण कोणी काढली नाहीं. त्याच वर्षीं १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत फोर्डनें मस्टँग मांडली, किंमत २,३६८ डॉलर. जाणते लोक तिला या वर्गांत न धरतां ‘पोनी कार’, म्हणजे तट्टू, म्हणतात. पण मोठें इंजिन घातलें कीं तट्टाचा घोडा होतोच. नांवांचाही एक अभ्यासच आहे. मस्टँग म्हणजे रानघोडा, चार्जर म्हणजे लढाईचा घोडा, बॅराकूडा हा मासा, डार्ट म्हणजे बाण. प्लिमथवाल्यांनीं १९६८ च्या रोड रनर गाडीसाठीं व्यंगचित्रपटांतील एका पक्ष्याचें नांव पन्नास हजार डॉलर मोजून घेतलें, आणि भोंगाही त्या पक्ष्याच्याच आवाजाचा बसविला. अनुकरणवाचक शब्दास एवढी किंमत आलेली आमच्या व्याकरणांत तरी ऐकिवांत नाहीं.

या गाड्यांच्या अश्वशक्तीचे आंकडे वाचून नवख्या माणसाचे डोळे फिरतात. क्रायस्लरचें ४२६ घन इंचांचें हेमी इंजिन, सात लिटर, ४२५ अश्वशक्ति! परंतु १९७१ पर्यंतचे हे आंकडे बहुधा इंजिन गाडींतून काढून, हवेची गाळणी, सायलेन्सर वगैरे लोढणीं सोडवून, बांकावर ठेवून मोजलेले असत. १९७२ पासून सर्व लोढण्यांसह मोजण्याची पद्धति आली, आणि जवळजवळ त्याच इंजिनाचा आंकडा एका रात्रींत पुष्कळ खालीं आला. मुलाचा पगार सांगतांना सगळे भत्ते धरून सांगावा आणि कापून जाणारे पैसे लग्नानंतर कळावे, तशांतलाच हा प्रकार. म्हणून जुन्या गाडीचा आंकडा ऐकतांना तो कोणत्या पद्धतीचा हें आधीं विचारावें. १९७० चा हवाशुद्धीचा कायदा, विमेवाल्यांनीं वाढविलेले दर, आणि तात्यांची डॉज ज्यानें खाल्ली तोच १९७३ चा तेलाचा तुटवडा, या तिहींनीं मिळून हें युग दहा वर्षांच्या आंत संपविलें.

आम्ही २०१८ सालीं पुतण्याकडे तीन महिने होतों. डेट्रॉईट शहरांत वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू नांवाचा हमरस्ता आहे. १९९५ पासून दर ऑगस्टांत एका शनिवारीं जुन्या मोटारींचा तेथें मेळा भरतो. रस्त्याच्या कडेस खुर्च्या टाकून आबालवृद्ध बसतात आणि समोरून सकाळपासून रात्रीपर्यंत गाड्या जातात, जशी काय पालखीच. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते गाडी दृष्टीस पडण्यापूर्वींच आवाजावरून तिचें इंजिन सांगत, आणि आम्हीं मोजलें त्याप्रमाणें चाळीसांत दोनच वेळां चुकले. छंद ओळखावयास पहिला चरण पुरतो, तशांतलें तें. पुतण्याच्या मनांत हें बीज त्याच दिवशीं पडलें असावें.

त्यानें तीन गाड्या काढल्या होत्या: ४४० घन इंचांची डॉज चार्जर, आठ सिलिंडरांची मस्टँग, आणि ३४० घन इंचांची डॉज डार्ट स्विंगर. त्याचा ओढा चार्जरकडे होता, आणि चित्रांत ती दिसतेही देखणी. आम्हीं तिला नको म्हटलें. ती सतरा फूट चार इंच लांब आहे, आणि आमच्या आळींतील वळणावर दुधाचा टेंपोदेखील दोन दमांत वळतो, हें एक कारण. दुसरें कारण वजनाचें. ४४० चें इंजिन ३४० च्या इंजिनाहून सुमारें शंभर पौंडांनीं जड, आणि तो सारा भार पुढच्या चाकांवर. एकदां जड नाकाची गाडी या घरानें पाहिली आहे. दुसरी पहावयाची नाहीं. डार्ट चार्जरहून सुमारें फूटभर आंखूड, अंगानें हलकी, आणि २७५ अश्वशक्ति (जुन्या मोजणीच्या) तिला पुरून उरतात. मस्टँगही वाईट नव्हे. पण १९६५ ते १९६८ च्या मस्टँगला कांचेखालीं हवेसाठीं जी जाळी असते, तिच्या आंतील पत्रा कुजून पाणी थेट पायांवर ठिबकतें असा तिचा जुना लौकिक आहे. शंभर इंचांहून अधिक पावसाच्या गांवीं तो गुण नको.

डार्ट ठरल्यावर खरी पारख पुढेंच होती. आम्हीं त्यास लिहिलें कीं इंजिन शेवटीं पहा, पत्रा आधीं पहा. बिघडलें इंजिन दुरुस्त होतें, पत्र्याचें तसें नाहीं. क्रायस्लरच्या या गाड्यांस वेगळी चेसिस नसते. तळ, खांब व कडा मिळूनच सांगाडा होतो. तेव्हां तळास गंज लागला तर तो कातडीचा रोग नसून हाडांचा समजावा. पुढील चाकें ज्या पिळाच्या सळ्यांवर तोललेलीं असतात त्यांचा आडवा तुळवट, आणि मागील पाटे जेथें अडकतात त्या जागा, येथें टोंचणी घालून पहावें. रंगावर भुलूं नये; पातळ फडक्यांत गुंडाळलेला लोहचुंबक सर्वत्र फिरवावा, आणि जेथें तो धरीत नाहीं तेथें पत्र्याच्या ठिकाणीं लांबी भरली आहे असें समजावें. आणखी एक गोष्ट आमच्या लोकांस सहसा ठाऊक नसते. मिशिगन, ओहायो या थंड मुलखांत हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. तेव्हां तेथील गाडी समुद्र न पाहतांच खारी झालेली असते. अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या वाळवंटांतील गाडीचा रंग उन्हानें उडतो, बैठका तडकतात, पण पत्रा शाबूत राहतो.

यापुढची परीक्षा आमच्या जुन्या धंद्याची होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, आणि तिच्यासाठीं हजाराहून अधिक पोथ्या धुंडाळून मूळ पाठ कोणता व मागून घुसडलेला कोणता याचा निवाडा केला. दांडग्या मोटारींतही प्रक्षेप फार. साधी सहा सिलिंडरांची स्वस्त गाडी घेऊन तिला मोठें इंजिन व बिल्ले लावून दुप्पट-तिप्पट किंमतीस विकतात. म्हणून पोथीच्या शेवटीं लेखकाची पुष्पिका पहावी तसें गाडीचें क्रमांकपत्र पहावें. डॉजच्या क्रमांकांतील पांचवें अक्षर इंजिन सांगतें, आणि १९७० सालीं ३४० साठीं तें ‘एच्’ असे. १९६८ पासून गाडीच्या क्रमांकाचा अंश इंजिनावरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर इंजिन मूळचें. कारखान्यांत गाडी बांधतांना कामगारांसाठीं जो कागद निघे तो कधीं कधीं मागील बैठकीच्या स्प्रिंगांत तसाच अडकलेला सांपडतो. पुतण्यानें प्रथम ओहायोंतील एक तांबडीलाल, आरशासारखी झळकणारी डार्ट पाहिली. तिचें पांचवें अक्षर ‘एच्’ नव्हतें, आणि मागील चाकावर चुंबक सरळ घसरून पडला. दुसरी अ‍ॅरिझोनांतील, हिरवा रंग फिका पडलेला, डॅशबोर्ड चिरलेला. मागील बैठक उचलली तेव्हां उंदरांनीं एक कोपरा कुरतडलेला तो कागद निघाला. त्याचें छायाचित्र त्यानें त्याच क्षणीं आम्हांस धाडलें. आम्हीं भिंग घेऊन आंकडा आंकडा ताडून पाहिला आणि तिलाच हो म्हटलें.

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. १९५० पूर्वींच्याच जुन्या गाड्या आणूं देण्याचा नियम होता, तो २०२५ सालीं सैल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांस वाट मिळाली. जकात व कर मिळून मूळ किंमतीइतका किंवा अधिक भुर्दंड बसतो, हें आधींच मनाशीं धरावें. २०२१ च्या नियमांप्रमाणें अशा गाडीची ‘व्ही ए’ अक्षरांच्या क्रमांकानें नोंदणी होते, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें. डाव्या हाताच्या सुकाणूस मोटार कायद्याच्या कलम १२० प्रमाणें इशाऱ्याचें साधन चालू स्थितींत लागतें. आणि ही गाडी रोजच्या वापरास नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींची शर्यत-फेरी, पेट्रोल भरणें, दुरुस्ती एवढ्यासाठींच रस्त्यावर काढावयाची. हें कळल्यावर आमच्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातुश्री, म्हणाल्या, ‘म्हणजे आंब्याची एक पेटीसुद्धां वाहावयाची नाहीं? मग ती गाडी कसली!’ ज्यांस असलीच नवी गाडी हवी त्यांच्यासाठीं फोर्डनें २०१६ सालीं उजव्या हाताची, पांच लिटरांची मस्टँग ६५ लाखांस येथें आणली होती. कांहीं वर्षांनीं ती विक्रीही थांबली.

फेरफारांविषयीं मात्र आम्हीं पुतण्यास लांबलचक पत्र लिहिलें. टीका व प्रक्षेप यांत जो भेद, तोच येथें. टीकाकार आपलें म्हणणें समासांत लिहितो. मूळ श्लोक खरवडून त्या जागीं आपला घालीत नाहीं. जो बदल चार पान्यांनीं उलटवून मूळचा भाग परत बसवितां येतो तो करावा. ज्यासाठीं पत्रा कापावा किंवा भोंक पाडावें लागतें तो करूं नये. नियमही हेंच सांगतात. चेसिस, सांगाडा किंवा इंजिन मोठें बदललें तर गाडी जुन्या गाड्यांच्या नोंदणीस पात्र राहत नाहीं; आणि सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें कारखान्याच्या मूळ प्रमाणाविरुद्ध गाडी बदलतां येत नाहीं असा निर्णय दिला आहे. तेव्हां मोठा टर्बो, रुंद चाकांसाठीं कापलेल्या कमानी, डिझेल तर नांवच नको. करावयाचें तें असें: ब्रेकच्या सर्व रबरी नळ्या नव्या, मूळ छिद्रांतच बसतील असे खांद्यावरून येणारे पट्टे, अधिक नळ्यांचा रेडिएटर व पंख्याभोंवतीं आच्छादन, कारण अमेरिकेंतील मोकळ्या रस्त्यासाठीं केलेली गाडी हातखंब्याच्या खोळंब्यांत उभी राहिली कीं तापते, आणि पॉइंटांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदांत गुंडाळून, चिठ्ठी लावून पेटींत ठेवावा आणि ती पेटी गाडीबरोबर यावी. या शेवटच्या अटीवर आम्ही अडून बसलों. १९७४ सालीं एवढेंच केलें असतें तर पुढें पुष्कळ टळलें असतें.

ब्रेकांसंबंधीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं १९६७ पूर्वींच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत तेलाचा एकच मार्ग असतो. एक नळी फुटली कीं चारही चाकें मोकळीं. पुढील गाड्यांत दोन मार्ग आले. आमच्या डार्टला दोन आहेत व पुढील चाकांस डिस्क आहेत. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें आणि मग घाटांत तापून त्यास बुडबुडे येतात. आमच्या दमट किनाऱ्यावर तें दर दोन वर्षांनीं बदलावें, पैशांकडे पाहूं नये.

निगेंत पहिला शत्रु पेट्रोल. आपल्याकडे शिशाचें पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झालें. त्या शिशाच्या आधारानें ज्यांचे व्हॉल्व्ह टिकत, त्या जुन्या इंजिनांस कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्या लागतात. हल्लींच्या पेट्रोलमध्यें शेंकडा वीस मद्यार्क असतो. तो जुन्या रबराच्या नळ्या फुगवितो, पाणी ओढून घेतो, आणि पाणी अधिक झालें कीं थर वेगळा होऊन टांकीच्या तळाशीं बसतो. म्हणून टांकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळ्या व वॉशर मद्यार्क सोसणारे घालावे, आणि तेंच पेट्रोल महिनोन्‌महिने टांकींत राहूं देऊं नये. इंजिन ऑइलही नव्या गाड्यांचें पातळ घालूं नये. जुन्या घडणीच्या कॅमशाफ्टास जस्ताचा अंश असलेलें तेल लागतें.

दुसरा शत्रु आमचा पाऊस, आणि तिसरा खारा वारा. मृगापासून अनंतचतुर्दशीपर्यंत गाडी बाहेर काढावयाची नाहीं, असें ठरलें आहे. भाट्याच्या पुळणीवर गाड्या पळविण्याची हल्लीं जी हौस आली आहे ती तर कोणत्याच ऋतूंत नको. आठवड्यांतून दोन मिनिटें इंजिन चालवून ठेवण्याची लोकांची चाल आहे, ती अपायकारक आहे. इंजिन पुरतें तापत नाहीं, आणि जळण्यांतून निघालेलें पाणी सायलेन्सरांत व तेलांत तसेंच राहतें. चालवावें तर पुरतें गरम होईपर्यंत, नाहीं तर बॅटरी सोडून स्वस्थ ठेवावें. ताडपत्री किंवा प्लॅस्टिक अंगावर घालूं नये, आंतल्या आंत घाम धरतो. सुती पासोडी उत्तम. दारांच्या तळाशीं पाणी जाण्याचीं बारीक छिद्रें असतात तीं पावसापूर्वीं मोकळीं करावीं; आमच्या घरांतील नारळाच्या झाडूचा हीर या कामीं अमेरिकन हत्यारांहून सरस ठरेल, याविषयीं आमची खात्री आहे. उंदरांस तारांचें वेष्टन आवडतें, त्यांचा बंदोबस्त करावा.

जागेचा प्रश्न घरांत चार दिवस गाजला. मागील दारचा गोठा रिकामाच आहे, तेथें ठेवूं असें धाकट्यांचें म्हणणें. आम्हीं विरोध केला. गोठ्याच्या भुईंत वर्षानुवर्षें जिरलेल्या मुताचा उग्र वायु तांब्यापितळेस खातो, आणि जुना रेडिएटर तांब्यापितळेचाच. शेवटीं खळ्याच्या पूर्वेस जांभ्याचे चिरे रचून दोन हात उंच जोतें घेतलें. खालीं प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून वर कोबा केला, म्हणजे जमिनीची ओल चढत नाहीं. आणि दोन्ही बाजूंस जाळीच्या खिडक्या ठेवल्या. कौलें घरच्या जुन्या माळ्यावरचींच निघालीं.

गाडी अजून यावयाची आहे. मध्यंतरीं पुतण्याचें आणखी एक पत्र आलें. तात्यांच्या डॉजवरचा तो मेंढा, जो आमच्या फडताळांत पितांबरीनें घासून ठेवलेला आहे, तो नव्या गाडीच्या बॉनेटवर बसवूं काय, असें त्यानें विचारलें होतें. डार्टवर तो मूळचा नाहीं, आणि बसवावयाचा तर पत्र्यास दोन भोंकें पाडावीं लागतील. म्हणून आम्हीं नाहीं म्हणून कळविलें. मोटारघराच्या दारावर, आंतल्या बाजूस, चिऱ्यांत एक कोनाडा आम्हीं ठेवविला आहे. वहिनींनीं तेवढ्यांत जोत्यावर खडूनें गाडीची लांबी-रुंदी आंखून घेतली, मागील बैठकीच्या जागीं पाट मांडले, आणि आमच्या घरचीं तीन मुलें त्यांवर नीट बसतात असें आम्हांस बोलावून दाखविलें. पुढें शेजारची जागा त्यांची स्वतःची.